डॉ. विल्यम कॅरी आणि परमुलखातील रोपे

बिलोलीच्या बाजूस झाडाचा वैरी हिवाळा नव्हे, उन्हाळा होय. मार्गशीर्ष-पौषात मांजरेच्या काठी थंडी पडते, शेकोट्या पेटतात, हरभऱ्यावर दहिवर दिसते. परंतु अंगणातील कुंडीतला गुलाब किंवा शेवंती त्या थंडीने मरत नाही, उलट त्याच दिवसांत ती फुलते. मरण येते ते शिमगा झाल्यावर. ऊन चढू लागले की विहिरीचे पाणी तळाशी जाते, माणसांस व गुरांस पाणी पुरवावे की कुंड्यांस घालावे अशी पंचाईत पडते, आणि कुंडी चारी बाजूंनी तापून आतील मूळ भाजून निघते. जमिनीतील झाडास ओल शोधीत खाली जाता येते. कुंडीतल्या झाडास जावयास जागा नाही. त्याचे सारे जग वीतभर मातीत असते, आणि धन्याने सांभाळले तरच ते मृगापर्यंत पोहोचते.

विलायतेत हाच प्रकार उलट आहे. तेथे हिवाळ्यात पाणी गोठून दगडासारखे होते. जमिनीच्या पोटात उष्णता असल्यामुळे खोल गेलेली मुळे वाचतात, परंतु कुंडीला चारी बाजूंनी गारठा लागतो; माती गोठते, कुंडी तडकते, मुळे कुजून जातात. म्हणून त्या देशातील लोक पानगळ सुरू झाली की नाजूक झाडांच्या कुंड्या उचलून घरात, तळघरात किंवा काचेच्या घरात नेतात, पाणी अगदी बेताचे देतात, आणि वसंत ऋतू येईपर्यंत झाडास जणू काय निजवून ठेवितात. एका मुलखात थंडीतून रोप पार न्यावयाचे, दुसऱ्या मुलखात उन्हातून, काम एकच. ज्या पुरुषास हे काम आयुष्यभर करावे लागले, आणि ज्यास त्यात यशापेक्षा अपयशच पुष्कळदा आले, अशा एकाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव डॉ. विल्यम कॅरी. मराठीत नवा करार प्रथम छापून काढणारे म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी ते नाव ऐकले असेल. ते मोठे माळी होते ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

कॅरी यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप एडमंड कॅरी हे घरी माग चालवून पोट भरीत; पुढे त्यांस गावच्या शाळेची शिक्षकी मिळाली. घर गरिबीचे होते. पीटर कॅरी नावाचे त्यांचे एक चुलते होते. ते तरुणपणी कॅनडा देशात शिपाई म्हणून राहून आले होते आणि परत आल्यावर माळ्याचे काम करीत. दूरदेशच्या गोष्टी आणि झाडांची ओळख ही दोन्ही ह्या चुलत्यापासून पोरास मिळाली असे दिसते. लहान विल्यम रानातून किडे, पाखरे, वनस्पती गोळा करून आणी व आपली खोली त्यांनी भरून टाकी. घराच्या परसातील एकही कोपरा त्याने रोपांवाचून रिकामा ठेवला नाही, अशी आठवण त्याची बहीण पुढे सांगत असे.

मुलाने शेतीच्या कामात पडावे असे बापाच्या मनात होते. परंतु विल्यमच्या कातडीस असा काही विकार होता की ऊन लागले म्हणजे ती आग आग होई. इंग्लंडातले ऊन ते केवढे! आपल्याकडील कोवळ्या सकाळच्या उन्हाची बरोबरी त्याला येत नाही. तेही सोसवेना म्हणून त्यास उघड्यावरील काम सोडून चांभारकीच्या दुकानात उमेदवार म्हणून बसावे लागले. ज्या मुलास स्वदेशचे ऊन सोसत नव्हते त्यानेच पुढे बंगालच्या उन्हात एकेचाळीस वर्षे काढिली, आणि एकदाही परत गेला नाही.

चांभाराच्या रापीजवळ पुस्तक ठेवून कॅरी यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषा शिकून घेतल्या. 1781 साली डॉरोथी प्लॅकेट नावाच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. मोल्टन गावी ते मंडळीचे पाळक झाले, तेव्हाही पोट चालेना म्हणून शाळा शिकवीत व जोडे शिवीत. 1789 साली ते लेस्टर शहरी गेले. 1792 साली परदेशी सुवार्तेसाठी मंडळी स्थापन व्हावी म्हणून त्यांनी पुस्तक लिहिले, आणि त्याच सालच्या ऑक्टोबरात केटरिंग गावी बॅप्टिस्ट मिशनरी मंडळी स्थापन झाली. हा भाग पुष्कळ ठिकाणी लिहिला गेला आहे, म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

परंतु त्यांच्या निघण्याची हकीकत मात्र सांगितली पाहिजे. डॉरोथीबाईंनी प्रथम जाण्यास साफ नकार दिला होता. त्यांनी आपले गाव कधी सोडले नव्हते, लिहिणे-वाचणे त्यांस लग्नाच्या वेळी येत नव्हते, आणि त्या बाळंत होण्याच्या बेतात होत्या. कॅरी थोरल्या मुलास घेऊन एकटेच निघाले. इतक्यात ठरलेल्या जहाजावरून त्यांस उतरविण्यात आले, आणि दुसरे जहाज मिळेपर्यंत थोडे दिवस हाती आले. त्या अवधीत ते व त्यांचे सोबती घरी जाऊन पुन्हा आर्जव करू लागले. शेवटी आपली बहीण बरोबर येत असेल तर येते, असे बाईंनी कबूल केले. थोड्या तासांत घरदार आवरले, आणि 13 जून 1793 रोजी काही आठवड्यांचे तान्हे पोर व तीन मुले घेऊन हे कुटुंब डेन्मार्क देशाच्या एका जहाजावर चढले. पाच महिने समुद्रावर काढून नोव्हेंबरात ते कलकत्त्यास उतरले.

पुढे कॅरी आपल्या मुलांस रोपे पाठविण्याची रीत लिहून कळवीत, तेव्हा एक गोष्ट आग्रहाने सांगत. रोप उपटून लागलीच जहाजावर चढवू नये. आधी पेटीतील मातीत लावावे, त्या मातीत त्याची मुळे चांगली धरू द्यावीत, मग पेटी जहाजावर द्यावी. नाही तर ते वाटेत मेलेच म्हणून समजावे. हा नियम वाचताना डॉरोथीबाईंची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बंगालमध्ये पहिले काही महिने ह्या कुटुंबास राहण्यास घर नव्हते व खावयास नीट अन्न नव्हते. सुंदरबनातील जंगल तोडून राहण्याचा प्रयत्न झाला. नंतर 1794 च्या मध्यात मालद्याकडे मदनावटी येथे एका निळीच्या कारखान्यावर कॅरी यांस व्यवस्थापकाची जागा मिळाली. त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. बाईंच्या मनाने तो धक्का घेतला नाही. त्यांस वेड लागले, आणि 1807 च्या डिसेंबरात त्या वारल्या तोपर्यंत ते गेले नाही. कॅरी यांची थोरवी सांगणारे ह्या गोष्टीवरून लवकर पुढे जातात. आमच्या मते थोर माणसाच्या हिशेबात हीही रक्कम मांडली पाहिजे.

मदनावटी येथे असतानाच कॅरी यांनी इंग्लंडातील मित्रांस बियांसाठी पत्रे लिहिण्यास आरंभ केला. भाजीचे, फळांचे, रानातील मोठ्या झाडांचे, फुलांचे, सर्व प्रकारचे बी त्यांनी मागविले. विळे, फाळ अशी शेतीची अवजारेही मागविली. पुढे सटक्लिफ नावाच्या आपल्या पाळक मित्रास त्यांनी असे सुचविले की, गावातील एखाद्या पोरास थोडे पैसे देऊन कुरणातील साध्या रानफुलांचे बी गोळा करवावे, आणि वसंतात फुलणाऱ्या कंदांचे फूल होऊन गेले म्हणजे कंद उकरून पेटीत भरून पाठवावे. ज्या फुलांकडे इंग्लंडात कोणी वळूनही पाहत नाही, ती फुले त्यांस हवी होती. ज्यांनी पोटासाठी किंवा सेवेसाठी आपला गाव सोडला आहे त्यांस ही गोष्ट समजावून सांगणे नको.

10 जानेवारी 1800 रोजी ते सेरामपूर येथे राहावयास आले. आपल्या नगरकडील श्रीरामपुराशी वाचकांनी ह्याचा घोटाळा करू नये. हे सेरामपूर बंगाल्यात कलकत्त्याच्या वर हुगळी नदीच्या काठी असून त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. इंग्रजांची कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांस राहू देत नसे, म्हणून हा आश्रय. मार्शमन व वॉर्ड हे त्यांचे दोघे सोबती तेथे होते. तेथे छापखाना निघाला, शाळा निघाल्या, आणि कॅरी यांनी सुमारे पाच एकर जमिनीवर बाग घातली. ती नुसती शोभेची बाग नव्हती. स्वीडन देशातील लिनियस नावाच्या पंडिताने वनस्पतींचे जे वर्ग पाडले होते, त्या वर्गांप्रमाणे प्रत्येक झाडास जागा दिलेली होती. म्हणजे बाग ही एक शाळाच होती. पहाट फुटण्यापूर्वी कॅरी तेथे जात. त्यांची प्रार्थनेची जागाही तीच होती.

1801 साली कलकत्त्यातील फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली शिकविण्यास लागले व पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली. पगाराचा बहुतेक सर्व पैसा ते मिशनच्या सामाईक खजिन्यात टाकीत. आपल्या भाषेचे त्यांचे काम येथेच झाले. नागपूरकडील वैजनाथ पंडित यांच्या मदतीने त्यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण छापिले. 1810 साली मोडी अक्षरांत मराठी-इंग्रजी कोश काढिला. 1811 साली नवा करार निघाला. बिलोलीच्या बाजारात मराठीबरोबर तेलगूही कानी पडते, म्हणून सांगतो की तेलगूचे व्याकरणही त्यांनी लिहिले होते. 11 मार्च 1812 च्या रात्री छापखान्यास आग लागून इतर लिखाणाबरोबर त्याचीही हस्तलिखित प्रत जळाली. त्यांनी ते पुन्हा लिहून काढिले व 1814 साली छापिले. मराठी नवा कराराबद्दल खरे सांगावयाचे तर त्याची भाषा नागपुरी वळणाची असल्यामुळे कोकण व देश ह्या भागांत ती नीट रुजली नाही, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांस आपले भाषांतर नव्याने करावे लागले.

बागेमुळे त्यांस एक मोठा मित्र मिळाला. कलकत्त्यासमोर नदीपलीकडे शिवपूर येथे कंपनी सरकारची वनस्पतींची मोठी बाग 1787 पासून होती, आणि डॉ. रॉक्सबर्ग तिचे अधिकारी होते. दोघांत बियांची व रोपांची देवघेव चाले. रॉक्सबर्ग यांनी एका वनस्पतिजातीस आपल्या मित्राचे नाव दिले. त्या जातीतील मोठे झाड आपल्या मराठी मुलखातील पानझडीच्या रानांतही आहे. आपण त्याला कुंभा म्हणतो. त्याचे फळ हिरवे, वाटोळे, लहान घड्यासारखे असते. पान गळण्यापूर्वी तांबडे होते. सालीचे वाख पूर्वी तोड्याच्या बंदुकीची वात करण्यास लागत. ऐन उन्हाळ्यात, पाने झडलेल्या फांदीवर, त्याची पांढऱ्या-गुलाबी झुपक्यांची मोठी फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पडलेली दिसतात. ज्या माणसाने उन्हाशी आयुष्यभर झगडा केला त्याच्या नावाचे झाड उन्हातच फुलावे, ही रॉक्सबर्ग साहेबांनी मुद्दाम योजिलेली गोष्ट नसेल. पण नाव अगदी योग्य पडले.

1813 साली रॉक्सबर्ग आजारी होऊन हिंदुस्थान सोडून गेले व 1815 साली वारले. त्यांचे अप्रसिद्ध राहिलेले काम कॅरी यांनी हाती घेतले. 1814 साली शिवपूरच्या बागेतील सुमारे साडेतीन हजार वनस्पतींची यादी सेरामपूरच्या छापखान्यात छापून निघाली. पुढे रॉक्सबर्ग यांचा हिंदुस्थानातील वनस्पतींवरील मोठा ग्रंथ कॅरी यांनी संपादन करून काढिला. 1820 व 1824 साली पहिले दोन भाग निघाले आणि 1832 साली सबंध ग्रंथ तीन भागांत पुन्हा छापिला गेला. त्या वेळी कॅरी सत्तरी ओलांडून गेले होते.

त्यांची मुले दूर दूर होती. फेलिक्स रंगूनकडे गेला. जेबेझ 1814 साली मोलुक्का बेटांतील अंबॉयना येथे गेला. बापाच्या पत्रांत उपदेशाबरोबर झाडांची मागणी असावयाचीच. तेथील प्रत्येक नवीन झाड, कंद, बी पाठीव, आणि अशा रीतीने पाठीव, असे ते लिहीत. त्या काळी जहाजावर पाठविलेल्या रोपांपैकी फारच थोडी जिवंत पोहोचत. खारे पाणी पानांवर उडे, गोडे पाणी खलाशांसच पुरत नसे, आणि उष्ण व थंड असे दोन्ही मुलूख एकाच प्रवासात ओलांडावे लागत. वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टराने बंद काचेच्या पेटीत रोप महिनोन्‌महिने जगते हे दाखविले, आणि 1833 साली तशा पेट्या ऑस्ट्रेलियास पाठविल्या. परंतु तोपर्यंत कॅरी यांचे आयुष्य सरत आले होते. त्यांच्यापाशी जुनेच उपाय होते: रोप पेटीत आधी रुजवून पाठवावे, कंद पाने सुकल्यावर काढावा, झाडावर वाढणाऱ्या बांडगुळासारख्या फुलझाडांस माती न लावता ती बांधून टांगावी, आणि ज्याचे बी मिळेल त्याचे रोप पाठविण्यापेक्षा बीच पाठवावे.

बियांतूनच पुढील गोष्ट घडली. इंग्लंडातील एका सद्गृहस्थाने त्यांस बियांची पिशवी पाठविली होती. कॅरी यांनी बी काढून घेतले, आणि काहीही वाया जाऊ नये म्हणून रिकामी पिशवी सावलीतल्या एका वाफ्यावर झटकली. थोड्या दिवसांनी जाऊन पाहतात तो तेथे एक कोंब. तो इंग्लंडच्या कुरणातल्या डेझीचा होता. डेझी म्हणजे आपल्या शेवंतीच्याच कुळातले एक लहानसे फूल. मध्ये पिवळा गोंडा, भोवती पांढऱ्या पाकळ्या, देठ बोटभर उंच. इंग्लंडात ते गवतात पायाखाली तुडविले जाते. कॅरी यांस ते पाहून तीस वर्षे होत आली होती. त्यांना झालेला आनंद त्यांनी पत्र पाठवून त्या सद्गृहस्थास कळविला, आणि त्यावरून जेम्स माँटगोमेरी नावाच्या इंग्रज कवीने एक कविता रचली, ती पुढे प्रसिद्ध झाली.

कविता वाचून लोक येथेच थांबतात. पण माळ्याचे खरे काम येथून पुढे सुरू झाले. इंग्लंडात डेझी एकदा रुजली म्हणजे वर्षानुवर्षे राहते. बर्फ पडले तरी तिची पाने जमिनीस चिकटून हिरवी राहतात आणि वसंतात ती पुन्हा फुलते. त्या देशात जे फूल हिवाळ्यातून आपोआप पार होते, तेच बंगालच्या वैशाखातून व आषाढातून पार होईना. ह्याचे कारण समजण्यास कठीण नाही. थंड मुलखातील झाड दिवसा उजेडात अन्न करिते आणि रात्री गारव्यात विसावा घेते. रात्रही गरम असली म्हणजे दिवसाची कमाई रात्रीच खर्च होते. पाणी कितीही घाला, झाड खंगत जाते. त्यावर पावसाळा आला की माती सदा ओली राहून मुळांस हवा मिळत नाही, आणि उरलेसुरले रोप कुजते. आपल्याकडे डोंगरी हवेतून आणलेली रोपे पहिल्या उन्हाळ्यातच जातात त्याचेही हेच कारण. पुष्कळ जण पाणी कमी पडले असे समजून अधिक पाणी घालतात आणि त्याचा अंत लवकर करितात.

कॅरी यांनी झाड जगविण्याचा हट्ट सोडला. झाड जावयाचेच, तर त्याचे बी राखावे, असे त्यांनी ठरविले. फूल झाल्यावर बी धरू द्यावे, ते काढून उन्हाळ्यातून व पावसाळ्यातून सांभाळून ठेवावे, आणि थंडीचा ऋतू आला म्हणजे पुन्हा पेरावे. अशा रीतीने हंगामामागून हंगाम, पिढीमागून पिढी, त्यांनी डेझी बंगाल्यात टिकवून धरिली. इंग्लंडातील बारमाही झाड येथे एकसालीच राहिले. त्याहून अधिक त्यास कधी करता आले नाही. बंगालच्या दमट हवेत बारीक बी राखणे ही सोपी गोष्ट नव्हे. बियांस ओल आणि उष्णता ही दोन्ही घातक आहेत. आपल्या घरच्या बाया भोपळ्याचे किंवा वांग्याचे बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, मडक्यात घालून तोंड लिंपून ठेवतात, त्यामागील शहाणपण तेच.

शेवंतीचेही आपण असेच करितो. फुले होऊन गेली की झाड वरून छाटावे, बुंध्याशी फुटलेले कोंब मुळांसकट काढून सावलीतील कुंडीत लावावे, आणि चार महिने फक्त जीव राहील इतके पाणी द्यावे. त्या दिवसांत त्यांस खत घालू नये, वाढविण्याचा प्रयत्न करू नये. साधी मातीची कुंडी चिनीमातीच्या कुंडीपेक्षा बरी, कारण माठाप्रमाणे ती पाझरते व गार राहते. आणि ती लिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ठेविली तर निम्मे पाणी वाचते. मृगाचा पाऊस लागला म्हणजे ती लागलीच वर काढावी, नाही तर बुडाचे भोक चिखलाने बुजून मूळ सडते. बिलोलीकडील काळी माती नुसती कुंडीत भरू नये हे शेतकऱ्यास सांगणे नको. ती उन्हात भेगा देते आणि पावसात पाणी धरून बसते. तीत नदीची वाळू व कुजलेले शेणखत मिसळून घ्यावे.

बागेतील ज्ञान आपल्यापाशीच राहू नये असे कॅरी यांस वाटे. त्यांनी 1820 च्या एप्रिलात एक पत्रक काढून शेती व बागाईत सुधारण्यासाठी एक मंडळ काढावे असे सुचविले, आणि त्याच वर्षी 14 सप्टेंबर रोजी कलकत्त्यास ते स्थापन झाले. ह्या मंडळात हिंदी गृहस्थांसही सभासद व अधिकारी होता यावे, असा त्यांनी आग्रह धरिला. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. फळांच्या चांगल्या जाती, कापूस, कॉफी, इमारती लाकूड ह्यांकडे मंडळाने लक्ष दिले. 1824 साली कॅरी स्वतः त्याचे अध्यक्ष झाले. ते मंडळ कलकत्त्यात आजही चालू आहे. 1823 साली लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. चांभाराच्या उमेदवारास हा मान मिळाला, ह्याचे त्यांच्या चरित्रकारांस फार कौतुक वाटते. कॅरी यांस स्वतः त्याचे कितपत वाटले असेल कोण जाणे.

त्याच 1823 सालच्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून परत येताना नावेतून उतरते वेळी त्यांचा पाय घसरला. मांडीस जबर दुखापत झाली, मागून ताप आला, आणि जगण्याची आशा राहिली नाही. ते अंथरुणावर असतानाच दामोदर नदीचे बांध फुटून मोठा पूर आला. हुगळीने काठ खाल्ला, कॅरी यांचे राहते घर सोडावे लागले, आणि बागेत पाणी भरले. वीस वर्षांहून अधिक काळ देशोदेशींहून जमविलेल्या रोपांपैकी पुष्कळ त्या पाण्यात मेली. कॅरी बरे झाले ते कुबड्या घेऊन. त्याही स्थितीत त्यांनी पुन्हा बी मागविले, पुन्हा वाफे आखिले, आणि बाग नव्याने लाविली. तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. 1829 च्या डिसेंबरात सती बंद करण्याच्या सरकारी कायद्याचे बंगाली भाषांतर त्यांच्याकडे आले, तेव्हा एका दिवसाचा विलंब म्हणजे किती बायकांचा जीव, हे जाणून त्यांनी आपले रविवारचे उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपवून ते त्याच दिवशी पुरे केले.

शेवटच्या दिवसांत त्यांस चालवेना. तेव्हा त्यांस खुर्चीत बसवून बागेत नेत. तेही जमेनासे झाले तेव्हा माळी त्यांच्याजवळ येई, कोणते झाड कसे आहे ते सांगे, आणि ते त्याला पुढचे काम नेमून देत. एके दिवशी ते फार उदास दिसले म्हणून मार्शमन साहेबांनी कारण विचारिले. आपल्यामागे मार्शमन बागेत गुरे सोडतील, ही चिंता आपणास लागली आहे, असे उत्तर मिळाले. मार्शमन यांनी हसून, पण मनापासून, तसे होऊ देणार नाही म्हणून वचन दिले. 9 जून 1834 रोजी पहाटे कॅरी वारले.

त्यानंतर काही वर्षे बाग राहिली. फॉइग्ट नावाच्या डेन्मार्कच्या सर्जनाने सेरामपूरच्या ह्या बागेतील व कलकत्त्याच्या बागेतील वनस्पतींची यादी तयार केली, ती 1845 साली छापून निघाली. त्याच वर्षी डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांस विकिले. पुढे त्या जागेवर तागाची गिरणी उभी राहिली.